माओरी मुलांवरच्या पोस्टरबद्दल विचारलंस, तर माझं उत्तर

तू लिहिलंयस की ऑकलंडला डिझाइन शिकायला यायच्या आधी पोर्टफोलिओसाठी पोस्टर करायचंय, माओरी, म्हणजे इथल्या न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या मुलांबद्दल टीचर्सच्या मनात जो पूर्वग्रह असतो त्याच्यावर, आणि डोक्यात उदास चेहऱ्याचा मुलगा नि फाटकं दप्तर आहे. मी इथे बरीच वर्षं राहतेय, पोस्टर्सच करते, म्हणून स्पष्टच सांगते, तो मुलगा काढून टाक. पोस्टरवर टीचर आण.

कारण बघ, 2001 मध्ये वायकाटो युनिव्हर्सिटीच्या रसेल बिशप आणि टीमने माओरी मुलांचं शिक्षण सुधारण्यासाठी 'ते कोताहितांगा' नावाचा प्रोजेक्ट सुरू केला, तेव्हा ही मुलं शाळेत मागे का पडतात यावर माओरी मुलं, त्यांचे पालक, प्रिन्सिपॉल, टीचर्स सगळ्यांशी बोलून घेतलं. मुलं म्हणाली, टीचर आमच्याशी कसे वागतात यावरच सगळं आहे, आणि टीचर्सपैकी बहुतेकांनी बोट दाखवलं मुलांकडे नि त्यांच्या घराकडे. आता तुझा उदास मुलगा कुणाच्या बाजूने बोलतो? त्या टीचर्सच्याच ना!

दुसरं, 2006 चा क्रिस्टीन रुबी-डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा रीडिंगवरचा स्टडी. बाकी सगळ्या गटांतल्या मुलांकडून टीचर्सच्या अपेक्षा त्यांच्या प्रत्यक्ष लेव्हलपेक्षा बऱ्याच जास्त होत्या, फक्त माओरी मुलांच्या बाबतीत तसं नव्हतं, आणि वर्षाच्या सुरुवातीला ही मुलं इतरांच्या बरोबरीने होती तरी वर्षअखेरीला सगळ्यात कमी प्रगती त्यांचीच. माझ्या मते तुझं पोस्टर इथेच आहे. दोन सारख्याच वह्या, सारखंच काम, फक्त टीचरचा शेरा वेगळा, एकीवर 'पुढचं पुस्तक घे' आणि दुसरीवर 'छान, एवढं पुरे'. बस, अजून काही लिहू नकोस. शिव्या देणारा टीचर दाखवलास तर बघणारा म्हणेल मी असा नाहीच, आणि पुढे निघून जाईल, पण हा गोड शेरा त्याने स्वतः कधीतरी दिलेला असतो.

आपल्याकडची अ तुकडी, ड तुकडी आठवते ना, इथे त्याला स्ट्रीमिंग म्हणतात, खालच्या तुकड्यांत माओरी मुलं जास्त, आणि 2030 पर्यंत ते बंद करायचा प्लॅन माओरी लोकांनीच पुढे आणलाय. सिरीज करणार असशील तर दुसरं पोस्टर यावर कर.

मोको, म्हणजे चेहऱ्यावरचं गोंदण, नक्षी म्हणून प्लीज वापरू नकोस, त्यात त्या माणसाची वंशावळ असते. कोरू, म्हणजे नेच्याच्या उलगडत्या कोंबासारखी माओरी नक्षी, तिचे वेटोळेही नेटवरून उचलू नकोस. माओरी शब्द टाकलेस तर दीर्घ स्वरावरची आडवी रेघ हवीच, बऱ्याच फॉन्टमध्ये ती नसते, आधी चेक कर. आणि फायनल करायच्या आधी एखाद्या माओरी माणसाला दाखव, इथे आल्यावर कॉलेजात माओरी स्टुडंट्ससाठी सपोर्टवाले असतात त्यांना विचार, आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नकोस, बदल.