शिवी येते, शब्द येत नाही

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही पंचवटीत राहतो. सासऱ्यांना (वय ६४) फेब्रुवारीत पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंपण. आता काठीने घरातल्या घरात चालतात पण हात तसाच आहे. बोलायला गेले की "ते... ते..." एवढंच, चिडले की शिवी मात्र अख्खी येते! रविवार कारंजाला त्यांचं किराणा दुकान, आता नवरा बघतो. पप्पा दिवसभर टीव्हीपुढे, सिरियलमध्ये कुणाचं लग्न लागलं तरी ढसाढसा रडतात. आम्ही त्यांना काही म्हणजे काहीच करू देत नाही, भरवतोसुद्धा, तरी असं का? आणि सगळे म्हणतात सहा महिन्यात आलं ते आलं, पुढे काही नाही. खरंय का?
— एक सून

उत्तर : आधी शिवीचं सांगते, कारण बऱ्याच घरात याच्यावरून भांडणं होतात की "मुद्दाम करतात, शिव्या बऱ्या येतात". मुद्दाम नाही हो. उजवी बाजू जाते तेव्हा मार मेंदूच्या डाव्या भागाला बसलेला असतो आणि बहुतेकांचं बोलणं तिथूनच चालतं. शब्द शोधून वाक्य जुळवणं अवघड होतं, पण तोंडात बसलेल्या गोष्टी, म्हणजे शिव्या, आकडे, वार, रामकृष्ण हरी, या पुष्कळदा तशाच शाबूत राहतात. मग सुरुवात तिथूनच करा ना. रोज सकाळी एक ते वीस त्यांच्याबरोबर मोजा, वार म्हणा, भजन येत असेल तर म्हणा. "काय हवंय?" असं विचारू नका, चहाचा कप आणि पाण्याचा ग्लास दोन्ही समोर धरून "चहा की पाणी?" विचारा आणि मग गप्प बसा, मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. मोठ्याने ओरडूनही काही होत नाही, कान गेलेले नाहीत. जवळ स्पीच थेरपिस्ट मिळत असेल तर जरूर दाखवा.

सहा महिन्यांचं अर्धं खरंय. पहिल्या तीन महिन्यात सुधारणा भराभर होते, नंतर हळू होते, पण बंद होत नाही. पाय आधी सुधारतो आणि हात मागे राहतो हे नेहमीचं आहे, त्यांचा हात पूर्वीसारखा होईलच असं मी सांगणार नाही. पण दिवस चांगला जायला दोन्ही हात पूर्वीसारखेच लागतात असंही नाही.

तुम्ही लिहिलंय "काहीच करू देत नाही", मी तिथेच अडकले. मायेने करताय हे कळतंय, पण आयुष्यभर गल्ल्यावर बसलेल्या माणसाला घास भरवला की त्याला काय वाटत असेल? उद्यापासून डाव्या हातात चमचा द्या. काठाची खोलगट थाळी घ्या, खाली ओलं फडकं अंथरा म्हणजे सरकत नाही, भाकरी आमटीत कुस्करून द्या. सांडेल, अर्धा तास लागेल, लागू दे. फक्त ताठ बसवून जेवू द्या, आणि पाणी पिताना ठसका लागतो का किंवा आवाज घोगरा होतो का बघा, तसं असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. शर्ट घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. आणि उठवताना त्या हाताला धरून कधीच ओढू नका, खांदा निखळतो, आणि मग त्या दुखण्यापायी व्यायामच बंद पडतो.

रडण्याचं दोन प्रकारचं असतं. लग्न बघून एकदम रडू फुटणं आणि दोन मिनिटात थांबणं, हा मेंदूचा ब्रेक सैल झालेला असतो, विषय बदला, समजावत बसू नका. पण जेवण-झोप गेली, कशातच मन नाही असं असेल तर ते डिप्रेशन, झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला येतं आणि त्याला औषध आहे. लाजू नका.

आणि त्यांना दुकानात न्या हो. सकाळी गर्दी व्हायच्या आत, रिक्षाने, अर्धा तास. गल्ल्यावर बसवा, डाव्या हाताने सुट्टे मोजू द्या, जुनं गिऱ्हाईक "काय शेठ" म्हणेल तेवढंही खूप आहे. घरी येऊन दोन तास झोपतील, घाबरू नका, झटक्यानंतर थकवा असाच येतो. बीपीच्या गोळ्या मात्र बरं वाटतंय म्हणून बंद करायच्या नाहीत. पुन्हा कधी तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं तर लगेच सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, मालिशवाल्याकडे नेण्यात तो वेळ जातो.

प्रश्न : आईची डावी बाजू गेलीये. ताटातल्या चटणी-कोशिंबिरीला हातच लावत नाही, भाजी-आमटी खाते. केसपण एकाच बाजूचे विंचरते. नखरे की काय?
— सिडकोहून

उत्तर : नखरे नाहीत. डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच येत नाहीये, डोळे चांगले असूनही. बोलताना त्यांच्या डावीकडे बसा, ताटाच्या डाव्या कडेला लाल रिबन लावा आणि "रिबन दिसेपर्यंत बघ" असं रोज सांगा. रस्त्यावर एकटं सोडू नका, डावीकडून येणारी गाडी त्यांना कळणार नाही. जेवण अर्ध्यावर आलं की ताट फिरवा. फिरवूनही चटणी उरली तर मग ती खरंच आवडली नसेल.