प्रश्न तुमचे : गॅस पाइपातला हायड्रेटचा बोळा

प्रश्न : गॅसच्या पाइपलाइनीत हायड्रेटचा बोळा बसतो, तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत दाखवायचा आहे. उच्च दाबाचं भांडं नाही. जमेल का?
(पेट्रोकेमिकलचा विद्यार्थी, लोणेरे)

उत्तर : जमेल. हायड्रेट म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात दुसरा रेणू अडकून जमणारा बर्फासारखा पदार्थ. मिथेनच्या हायड्रेटला ४ अंश सेल्सिअसला सुमारे ४० बार दाब लागतो. टेट्राहायड्रोफ्यूरान, म्हणजे टीएचएफ या द्रवाचं हायड्रेट मात्र साध्या हवेच्या दाबाला, ४.४ अंशांच्या खाली जमतं. १९ ग्रॅम टीएचएफ आणि ८१ ग्रॅम डिस्टिल्ड पाणी घ्या. टीएचएफच्या एका रेणूला पाण्याचे १७ असा हिशोब बसतो. बाथ (नळी ज्यात बुडवायची ते थंड पाणी) १ अंशावर ठेवा, शून्याखाली नेऊ नका. मग नळीत जे पांढरं जमेल ते बर्फ नव्हे, एवढं तरी नक्की. तासन्‌तास द्रावण स्वच्छच राहिलं तर फ्रीझरमधल्या तारेचं टोक त्यात बुडवा. सुरुवातीला बी, म्हणजे जमायला सुरुवात करून देणारा कण, लागतं.

नळी काचेचीच हवी. आरपार दिसावं म्हणून ॲक्रिलिक किंवा पीव्हीसीचा मोह होतो, पण टीएचएफ दोन्ही खातं. व्हायटन रबराच्या ओ-रिंगाही फुगतात, टेफ्लॉन वापरा. आसपास ज्योत नको. बाटली जुनी, उघडलेली असेल तर आत स्फोटक पेरॉक्साइड साठलेलं असू शकतं; आधी पेरॉक्साइडची पट्टी लावून बघा.

एक मर्यादा अहवालात जरूर लिहा : टीएचएफ पाण्यात पूर्ण मिसळतं. खऱ्या पाइपात गॅसला पाण्यात शिरावं लागतं आणि तिथेच वेळ जातो. त्यामुळे बोळा किती वेळात बसेल हे या नळीवरून सांगू नका.

प्रश्न : मिथेनच्या सेलमध्ये (दाबाच्या बंद भांड्यात) हायड्रेट वितळण्याचं तापमान सॉफ्टवेअरने काढलेल्या आकड्यापेक्षा अंशभर जास्त येतं, तेही दर वेळी वेगळं. सेन्सर बदलून झाला.
(संशोधक विद्यार्थिनी, चेन्नई)

उत्तर : सेन्सरपेक्षा घाईचा संशय जास्त. बंद सेल गार करताना दाब सरळ रेषेत उतरतो, हायड्रेट धरलं की कोसळतो; तापवताना चढत जाऊन पुन्हा त्याच रेषेला मिळतो. तो मिळण्याचा बिंदू म्हणजे समतोल, तुम्हाला हवं ते वितळण्याचं तापमान. भराभर तापवलं की हायड्रेट वितळण्यात मागे पडतं आणि बिंदू जास्त तापमानाकडे सरकतो. शेवटच्या दोन अंशांत ०.१ अंशाच्या पायऱ्या घ्या. प्रत्येक पायरीवर दाब स्थिर होईपर्यंत थांबा, मग तीन-चार तास लागले तरी चालतील. स्टिरर चालूच ठेवा. पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरचं टोक द्रवात आहे ना, तेही तपासा. बाथचं तापमान पुढे धावतं.

सेलमध्ये हवा उरली तर चूक उलट्या दिशेला, कमी तापमानाकडे होते. हायड्रेट धरताना उष्णता सुटते; दाब उतरताना आतलं तापमान किंचितही उसळलं नाही, तर हायड्रेटऐवजी गळती शोधा. दुसऱ्या फेरीत हायड्रेट लवकर धरतं, त्याने समतोल बिघडत नाही. पण इनहिबिटरची (हायड्रेट रोखणाऱ्या रसायनाची) चाचणी असेल तर आधीच्या फेरीचा हा परिणाम पुसायला मधे सेल ३० अंशांवर काही तास ठेवा.

आणि गेज शून्य दाखवतोय म्हणून सेल उघडू नका. गेजकडची बारीक नळी हायड्रेटने बुजलेली असू शकते, आणि एका घनमीटर हायड्रेटमधून सुमारे १६४ घनमीटर गॅस निघतो. आधी सेल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पण व्हेंट (गॅस बाहेर सोडण्याची वाट) उघडा ठेवून.