मांजरी पिल्लांवर का फिस्कारते?

प्रश्न : ताई, आमच्या मांजरीला मार्चअखेर तीन पिल्लं झाली. सुरुवातीला तिने जिवापाड जपली, तोंडात धरून मांगरातून माळ्यावर, तिथून कपाटात नेली. आता पिल्लू लुचायला गेलं की फिस्कारते, चापट मारते. सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागला म्हणून तिने पिल्लं टाकली. वेगळी ठेवू का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : टाकली नाहीत हो. टाकायची असती तर इतके दिवस पाजलं नसतं. तुमची पिल्लं अडीच महिन्यांची झाली. महिन्याभरातच त्यांचे दात आईला टोचू लागतात आणि तिथून ती अंगावरचं दूध तोडायला लागते. आठव्या आठवड्याच्या आसपास ते बहुतेक सुटतं.

माशेलला आमच्याकडे शेवंती, तिची दोन पिल्लं आणि आधीच्या खेपेची थोरली लेक आहे. परवा ओसरीच्या कट्ट्यावर धाकटं लुचायला आलं. शेवंतीने त्याच्या डोक्यावर पंजा ठेवून दाबलं. मी वाकून पाहिलं, नखं आत होती. पिल्लू मागे सरलं, थोड्या वेळाने परत आलं. तेव्हा तिने त्याचं कपाळ चाटलं, पण पोट कट्ट्याला घट्ट टेकवून बसली. लुचायला जागाच ठेवली नाही. त्याच संध्याकाळी अर्धमेली पाल आणून त्याच्यापुढे सोडली आणि स्वतः बाजूला बसून राहिली. आधी मेलेली आणायची, आता जिवंत आणते. हे शिकवणंच आहे. थोरली लेकही पिल्लांना चाटते, कुशीत घेते.

तेव्हा वेगळी मुळीच करू नका. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लं आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतात. कुणाला द्यायची असतील तर बारा आठवडे पुरे होऊ द्या. मात्र आईचं आचळ कडक, गरम लागलं किंवा तिने खाणं सोडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे ताजे बांगडे मिळणं अवघड. म्हणून खारं सुकं घालू नका, मीठ फार असतं. उकडलेली कोंबडी, अंडं चालेल. गाईचं दूध पुष्कळ मांजरांना पचत नाही, जुलाब होतात.

आणि कळकळीने सांगते, आईची नसबंदीची शस्त्रक्रिया लांबवू नका. पाजत असतानाही मांजरी गाभण राहते, नऊ आठवड्यांत पुन्हा विते. माझ्याकडून हे राहून गेलं होतं. शेवंती भर पावसात लाकडांच्या खोपीत व्याली, चारांतली दोन पिल्लं मला वाचवता आली नाहीत. दूध आटलं की डॉक्टरांना विचारून तारीख ठरवा. पिल्लांनाही चार-पाच महिन्यांत माज येऊ शकतो. त्यांचे रंग तुम्ही कळवले नाहीत. एखादं तिरंगी असेल, तर ती जवळजवळ नक्की मादीच. तिचा नंबर आधी लावा.