क्लॅरिनेट घेताना ब्रँड बघावा का?

तुमचा प्रश्न असा, की मुलगा अकरावीत आहे, त्याला क्लॅरिनेट शिकायचंय. तासगावच्या ओळखीच्या बँडवाल्यांनी मेरठचं स्वस्तातलं वाद्य घ्या म्हणून सांगितलंय, आणि यामाहा बघायला गेलात तर किंमत त्याच्या कितीतरी पट. मग हे नुसत्या नावाचे पैसे का?

नुसत्या नावाचे नाहीत. पण तुम्हाला वाटत असेल की महागाचं वाद्य गोड वाजतं, तर तसंही नाही. गोडवा बराचसा फुंक, माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि रीड (त्याला बांधलेली थरथरणारी पातळ पट्टी) यांच्यावर असतो. कंपनीचा उपयोग होतो तो सुरेलपणात.

बासरीत फुंक वाढवली की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. क्लॅरिनेटची नळी एका टोकाला बंद असल्यासारखी वागते, त्यामुळे मंद्र सा धरून मागची अंगठ्याची चावी दाबली की मध्य सा येत नाही, थेट मध्य सप्तकातला पंचम येतो. त्या चावीचं एकच बारीक भोक वरचे सगळे सूर उघडतं. प्रत्येक सुराला ते नेमक्या जागी असणं शक्यच नाही, म्हणून बनवणाऱ्याला तडजोड करावी लागते, आणि नळीच्या आतल्या व्यासात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरक पडला तरी ती तडजोड बिघडते. यामाहा, बुफे, ज्युपिटर यांचे एकाच मॉडेलचे दोन नग जवळजवळ सारखे निघतात. मेरठला चांगले कारागीर आहेत, देशभरचे बँड त्यांच्या वाद्यांवर चालतात, पण तिथल्या एकाच दुकानातल्या दोन नगांत एक सुरात आणि दुसरा वरच्या सुरांत गेला की चढा, म्हणजे हवा त्यापेक्षा उंच, असं होतं.

तुमचे बँडवाले चुकीचं सांगत नाहीयेत. वरातीत आयुष्य काढलेला माणूस ओठ थोडा सैल-घट्ट करून चढा सूर जागेवर आणतो, त्याला त्याचं काही वाटत नाही. शिकणाऱ्या पोराला मात्र चूक आपली की वाद्याची हेच कळत नाही. सहा महिन्यांत त्याचा कान त्या चढ्या पंचमाला सरावतो. पुढे वाद्य बदललं तरी कान बदलायला वेळ लागतो.

म्हणून माझं मत : नवं परवडत असेल तर यामाहा २५५, नाहीतर तिचीच आधीची २५० सेकंडहँड. दोन्ही प्लास्टिकच्या आहेत, आणि ते चांगलंच आहे. लाकडी क्लॅरिनेट आफ्रिकेतल्या ग्रेनाडिला लाकडाची असते. आपल्याकडचा एप्रिल-मे कोरडा ठणठणीत आणि जूननंतर सगळं दमट. नव्या लाकडाला तडा जायला एवढं पुरतं. त्यातून वरातीत वाद्य टेम्पोच्या बॉनेटवर उन्हात पडलेलं मी कितीदा पाहिलंय!

जुनी 'बूझी अँड हॉक्स' कुणी दाखवली तर हुरळून जाऊ नका. वाद्यं मजबूत असतात, पण त्यावर 'एच. पी.' म्हणजे 'हाय पिच' असा शिक्का असेल तर सरळ परत द्या. ती जुन्या लष्करी बँडच्या चढ्या पट्टीची, पेटीशी जुळायची नाही. आणि १०१० हे मॉडेल असेल तर त्याची नळी रुंद, साधारण १५.२ मिलिमीटर; नेहमीचा माउथपीस लावला की सूर बिघडतात.

घेताना एक गोष्ट नक्की विचारा : बी फ्लॅट आहे ना? म्हणजे तिचा 'सी' वाजवला की पेटीवरची काळी पाच लागते. 'ए' क्लॅरिनेट दिसायला जवळपास तशीच असते, स्वस्तात मिळाली म्हणून लोक घेऊन येतात आणि मग पट्टी जुळत नाही म्हणून डोकं धरून बसतात. चाव्यांचं म्हणाल तर मुलगा ज्यांच्याकडे शिकणार ते १३ चाव्यांची जुन्या पद्धतीची वाजवतात की १७ चाव्यांची बोहम पद्धतीची, हे आधी विचारा. बोटं निराळी पडतात.

सेकंडहँड तपासायची रीत सोपी आहे. वरचा भाग सुटा करा, समोरची तिन्ही भोकं आणि मागचं अंगठ्याचं भोक बंद करा, खालचं तोंड तळहाताने दाबा आणि वरून हवा ओढा. ओढ काही सेकंद टिकली पाहिजे. लगेच सुटली तर कुठलं तरी पॅड, म्हणजे चावीखालची भोक बंद करणारी गादी, गळतंय. मग पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी एकेका पॅडखाली ठेवून, चावी मिटवून हळूच ओढायची. जिथे ती सहज निसटते तिथे गळती. पॅड बदलणं मोठं काम नाही, फक्त मापाचं पॅड मिळायला हवं. नावाजलेल्या कंपनीचं मॉडेल सांगितलं की मिळतं. मिरज शेजारीच आहे, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं, पण ते कारागीर तारांचे; पॅडसाठी त्यांच्याकडे जाऊन उपयोग नाही.

माउथपीसवर लगेच खर्च नको. यामाहाबरोबर येणारा '४सी' माउथपीस सुरुवातीला पुरतो, पुढे व्हँडोरेन कंपनीचा 'बी ४५' बघा. रीड दोन किंवा अडीच नंबरची (नंबर म्हणजे तिचा कडकपणा) घ्या, आणि तीन-चार आलटून पालटून वापरायला लावा. बँडमध्ये एकच रीड काळी पडेपर्यंत चालवतात, ती सवय त्याला लागू देऊ नका.

एवढं करूनही पैसे जमत नसतील तर मेरठचंच घ्या, पण घरपोच मागवू नका. शिकवणाऱ्यांना दुकानात बरोबर न्या, मोबाइलवर तंबोरा लावा, आणि चार नग समोर मांडून प्रत्येकावर मंद्र सा आणि वरचा प वाजवून बघायला सांगा. ज्याचा प तंबोऱ्यात मिसळतो तो उचला, मग त्याचं निकेल थोडं उडालेलं असलं तरी चालेल.