ऑटोमॅटिक फीडर लावताय? आधी वजनकाटा घ्या

फीडर, म्हणजे ठरल्या वेळी कुत्र्याचं खाद्य वाटीत पाडणारं मशीन, ग्रॅम मोजत नाही, फक्त चकती फिरवतो. एका फेरीत, म्हणजे एका पोर्शनमध्ये, किती दाणे पडतात ते दाण्याच्या आकारावर ठरतं. म्हणून नवीन ब्रँड आणला की दर वेळी दहा पोर्शन वाटीत पाडून किचनच्या काट्यावर तोला आणि दहाने भागा. समजा एक पोर्शन 9 ग्रॅम भरला आणि कुत्र्याला दिवसाला 180 ग्रॅम लागतं, तर सकाळी 10 आणि संध्याकाळी 10 पोर्शन लावा. पाकिटावरचा तक्ता कुत्र्याच्या वजनानुसार असतो, तो बघूनच आकडा धरा.

त्यात फक्त कोरडं खाद्य. भाकरीचा काला, दूध, ओलवलेले दाणे अजिबात नकोत. चकती चिकटते आणि बुरशी धरते.

आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. अशा उन्हात पत्र्याखाली ठेवलेल्या खाद्यातलं तेल खवट होतं आणि कुत्रा तोंड फिरवतो. मशीन घरात, सावलीत ठेवा, टाकीत चार-पाच दिवसांपुरतंच भरा. पावसाळ्यात झाकणातली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी बदलत राहा. मुंग्यांसाठी मशीन पाण्याच्या परातीत, उलट्या वाटीवर ठेवा. वायर मात्र पाण्यापासून लांब.

लाइट जाणारच, तेव्हा अडॅप्टरसोबत बॅटरी सेलही घाला. एकदा प्लग काढून खाद्य पडतं का ते स्वतः बघा. बाहेरगावी निघण्याआधी दोन-तीन दिवस घरात असतानाच चालवा. आणि पाणी हे मशीन देत नाही, दोन भांडी वेगळी भरून ठेवा. शेजाऱ्यांना रोज एक चक्कर मारायला सांगाच.