पॅड नवे, डिस्क तीच, मग थरथर कुठली?

प्रश्न : माझी हॅचबॅक सहा वर्षांची आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम. गेल्या आठवड्यात पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. पहिले काही दिवस गावातल्या गावात काहीच जाणवलं नाही. रविवारी घरच्यांना घेऊन पाचगणीला जाऊन आलो. परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाच्या उतारावर ब्रेक दाबला, तर स्टीअरिंग हातात थरथरायला लागलं. आता ८०च्या वेगाला ब्रेक लावला की दर वेळी होतं, ४०च्या खाली होत नाही. गॅरेजवाले म्हणतात, डिस्क वाकल्या आहेत, दोन्ही बदला. पॅड बदलण्याआधी गाडी नीट थांबत होती. काय करावं? – एक वाचक, धायरी

उत्तर : डिस्क बदलायची घाई करू नका. वाकली म्हणाले ते ठीक, पण किती वाकली हे त्यांनी मोजून सांगितलं का? मी गॅरेज टाकण्याआधी भोसरीला मशीन शॉपमध्ये होतो. तिथे डायल गेज, म्हणजे फिरत्या भागाची बारीक डगमग सुईवर दाखवणारं मापयंत्र, लावल्याशिवाय कुणी जॉबला (मशीनवरच्या तुकड्याला) वाकडा म्हणायचं नाही. ब्रेकच्या बाबतीतही मी तोच नियम पाळतो, कारण नुसत्या डोळ्यांनी यातलं काहीच दिसत नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची माहिती म्हणजे ही थरथर पहिल्या दिवशी नव्हती, घाट उतरल्यावर सुरू झाली. नवा पॅड लागला की त्याच्या मटेरिअलचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो. तो हळूहळू, मध्यम ब्रेक लावत बसतो. तसा बसण्याआधीच गाडी पसरणीच्या घाटात गेली, उतरताना पाय ब्रेकवर राहिला, डिस्क भरपूर तापली आणि मग वाईच्या गर्दीत किंवा खेड शिवापूरच्या टोलच्या रांगेत ब्रेक दाबून गाडी उभी राहिली, तर पॅड ज्या जागी चिकटून बसला तिथे मटेरिअल जास्त चिकटतं. डिस्कवर डाग पडतो. मग प्रत्येक फेरीत तो डाग पॅडखाली आला की पकड बदलते, आणि तेच तुमच्या हातात येतं. लोक याला डिस्क वाकली म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर मटेरिअल कमी-जास्त बसलेलं असतं. तुमच्या गाडीतही हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. पण अंदाजावर खर्च करायचा नाही, म्हणून आधी बाकीच्या शक्यता बाजूला करा.

ब्रेक न लावता ८०ला गाडी हलते का ते बघा. हलत असेल तर विषय टायर आणि बॅलन्सिंगचा आहे. फक्त ब्रेकवर आणि स्टीअरिंगमध्ये जाणवत असेल तर पुढची चाकं. स्टीअरिंग शांत आणि सीट हलते, तर मागचे ड्रम. तुमचं स्टीअरिंग थरथरतंय, म्हणून ड्रमच्या मागे लागू नका.

मग चाकाचे नट. हे फुकटात होतं आणि बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं. पॅड बदलायला चाक काढलं, बसवताना एअर गननं एका पाठोपाठ एक नट करकचून आवळले. अशा गाड्यांत डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, दोन बारीक स्क्रूंनी, काही वेळा नुसतीच, बसलेली असते. तिला खरं धरून ठेवतं ते चाकच. एका बाजूचा नट जास्त आणि दुसरा कमी आवळला की डिस्क त्या ताणात तिरकी बसते. सगळे नट सैल करा, समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, आवळा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच वापरा.

तेवढ्याने थांबलं नाही तर चाक काढून पाहायचं. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिन हाताने सहज आत-बाहेर सरकल्या पाहिजेत. जाम पिन असली की पॅड डिस्कला घासतच राहतो आणि ते चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापतं. आतला आणि बाहेरचा पॅड असमान झिजलेला दिसला तर पिन किंवा पिस्टन अडकतोय हे नक्की. मग डिस्क काढून हबचं तोंड बघा. पुण्याच्या चार पावसाळ्यांनंतर तिथे गंजाचे पापुद्रे असतातच. चाक काढल्यावर डिस्क जरा हलली की एखादा पापुद्रा सुटून मध्ये अडकतो. वायर ब्रशने हब आणि डिस्कची मागची बाजू धातू दिसेपर्यंत साफ करून घ्या. गॅरेजमध्ये हे करताना मी स्वतः शेजारी उभा राहतो, कारण हे काम चुकवलं की पुढची सगळी मापं खोटी येतात.

आता डायल. डिस्क गाडीवरच बसवायची, नट आवळायचे, डायलचं टोक बाहेरच्या काठापासून दहाएक मिलिमीटर आत टेकवायचं आणि डिस्क हळूच एक पूर्ण फेरी फिरवायची. बऱ्याच कारना साधारण ५० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डगमग चालते, म्हणजे वहीच्या कागदाच्या निम्म्या जाडीइतकं. त्याहून जास्त आलं तर डिस्क एक भोक पुढे फिरवून पुन्हा मोजा, आकडा बदलतो. मग मायक्रोमीटरने फेरीभर आठ जागी जाडी घ्या. जाडीतला १५-२० मायक्रॉनचा फरकही स्टीअरिंगला जाणवतो. आणि डिस्कच्या काठावर किमान जाडी कोरलेली असते, ती वाचा. त्याखाली गेली असेल, भेगा असतील, तर बदलायलाच हवी, आणि दोन्ही बाजूंची एकदम.

माप ठीक आलं आणि डिस्कवर करडे-निळसर डाग दिसले, तर पॅडचा थर डिस्कवर नीट बसवून बघा. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, ६०वरून २०वर सावकाश ब्रेक लावत दहाएक वेळा आणा. पूर्ण थांबायचं नाही. मध्ये थोडं अंतर न ब्रेक लावता चालवून डिस्क गार होऊ द्या. सकाळी लवकर कुठला लांब रस्ता मिळाला तर बघा, पण नवलेचा उतार यासाठी अजिबात वापरू नका. तिथे तर गियर खाली ठेवून मगच उतरायचं. यातूनही डाग राहिले तर दोन्ही डिस्क लेथवर टर्न करून, म्हणजे वरचा पातळ थर कापून सपाट करून, घेता येतात, किमान जाडी राखूनच.

पेडल मऊ लागलं, गाडी एका बाजूला ओढली किंवा धातूवर धातू घासल्याचा आवाज आला, तर थांबा, गाडी ओढून न्या.

गॅरेजवाल्यांना एवढंच विचारा : डायलवर किती आलं, जाडी किती आहे, किमान किती. या तीन आकड्यांवर तुम्ही त्यांच्याशी नीट बोलू शकाल. आणि डिस्क बदलायची ठरली तरी हब साफ करायला लावा, नाहीतर नवी डिस्कही जुन्या गंजावर बसेल आणि काही महिन्यांनी थरथर परत येईल.

प्रश्न : पावसात रात्रभर गाडी बाहेर राहिली की सकाळी पहिल्या ब्रेकला खर्रर आवाज येतो. पॅड संपले का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. डिस्क ओतीव लोखंडाची असते, ओल लागली की रात्रीतून तिच्यावर गंजाचा पातळ लेप येतो आणि दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. आवाज दिवसभर, प्रत्येक ब्रेकला येत राहिला तरच चाक काढून पॅडची जाडी बघा. पॅडवरचं मटेरिअल ३ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर नवे टाकून घ्या.