आईंचे आयुष्य लिहिताना

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे गेल्या मार्गशीर्षात वयाच्या ८४ व्या वर्षी निधन झाले. लग्न होऊन त्या ठाण्याला नौपाड्यात आल्या आणि शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. दिरांची शिक्षणे, नणंदांची लग्ने, आम्हां सुनांची बाळंतपणे, सारे त्यांनी निभावले. वर्षश्राद्धाला येणाऱ्या नातेवाइकांना देण्यासाठी त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचे ठरले आहे आणि लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. घरातल्या सर्वांकडून मजकूर मागवला, तर प्रत्येकाने ‘प्रेमळ, कष्टाळू, सर्वांना सांभाळून घेणारी’ एवढेच लिहून दिले. तेराव्याला आलेल्या त्यांच्या एका जुन्या मैत्रिणीने मात्र, आम्ही दोघी महागाईविरुद्धच्या लाटणे मोर्चाला गेलो होतो, असे सांगितले आणि आम्ही सगळे एकमेकांकडे पाहतच राहिलो, कारण घरात कोणालाच हे ठाऊक नव्हते. नणंदेचे म्हणणे असे, की असले काही छापू नये, आणि आईंचा कडक स्वभाव व धाकट्या जावेशी वर्षानुवर्षे धरलेला अबोला यांचाही उल्लेख नको. मी काय लिहावे? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपण सर्वांत आधी त्या मैत्रीणबाईंकडे जावे, आणि तेही पुस्तिकेचा बाकी मजकूर जमण्याची वाट न पाहता, कारण त्यांचेही वय आता ऐंशीच्या आसपास असणार. घरच्यांनी आपल्या सासूबाईंना आई, वहिनी, काकू, आजी म्हणून पाहिले आणि यांतले प्रत्येक नाते त्यांच्याकडून काही ना काही मागणारे होते. ज्या व्यक्तीजवळ त्या स्वतःचे म्हणून काही बोलल्या असतील, ती बहुधा मैत्रीणच. घरच्यांनी चार विशेषणांवर काम भागवले, म्हणून त्यांची माया कमी होती असे मी मानणार नाही. रोज समोर असणाऱ्या माणसाला निरखून पाहण्याची वेळ आपल्यावर सहसा येत नाही.

मोर्चाची गोष्ट पुस्तिकेत यायलाच हवी. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास धान्य, तेल, साखर, रॉकेल यांच्या टंचाईने आणि भाववाढीने मध्यमवर्गीय घरेही मेटाकुटीला आली होती. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या स्त्रियांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली, आणि हातात लाटणी घेऊन, थाळ्या वाजवत गृहिणी हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरल्या. आपल्या सासूबाई तेव्हा तिशीच्या जरा पुढे असणार, घरात लहान मुले, शिकणारे दीर आणि बहुधा वडीलधारी माणसेही असणार. अशा घरातून एक सून दुपारी बाहेर पडते आणि पुढे कित्येक दशके त्याविषयी अवाक्षर काढत नाही, यात लपवण्यासारखे काहीही नाही. उलट, सर्वांना सांभाळून घेणारी ही बाई काय काय मनात ठेवून सांभाळत होती, ते येथे प्रथमच दिसते. मैत्रीणबाईंना बारीकसारीक विचारावे : घरी काय सांगून निघाल्या, मुले कोणाकडे ठेवली, लाटणे पिशवीत घालून नेले की पदराआड, गाडीत कोण कोण भेटले, परतल्यावर रात्रीच्या पोळ्या त्याच लाटण्याने लाटल्या का. मोर्चाला गेल्याचा नुसता उल्लेख वाचक विसरेल, पदराआडचे लाटणे विसरणार नाही. बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे, मात्र आधी त्यांना विचारून. पहिल्या भेटीत माणूस मोजकेच बोलतो, तेव्हा दुसऱ्यांदाही जावे, आणि जाताना घरातले जुने फोटो बरोबर न्यावेत. कोणत्या फोटोत कोण आहे हे त्यांनी सांगितले, की तिथल्या तिथे मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावे.

नणंदबाईंच्या विरोधामागे काय आहे, तेही समजून घ्यावे. आईने आपल्याला कधी सांगितले नाही, परक्या बाईला मात्र सगळे ठाऊक होते, याचे वाईट मुलीला वाटणारच. त्यांनाच बरोबर घेऊन जावे. आईविषयीची नवी गोष्ट छापील पानावर वाचण्यापेक्षा आईच्या मैत्रिणीच्या तोंडून ऐकणे त्यांना सोपे जाईल, असे मला वाटते.

तारखांच्या बाबतीत घरातल्या आठवणींवर विसंबू नये. त्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच जन्मतारीख आढळते, कारण नाव घालताना सोयीची तारीख लावून दिली जाई. खरा जन्मदिवस तिथीवरून कोणाला आठवत असेल, तर त्या वर्षीच्या पंचांगावरून तारीख काढता येते. बाकीच्या घटना लोकांना ज्ञात असलेल्या प्रसंगांशी जोडून विचाराव्यात. ‘लग्न कोणत्या साली झाले’ याला वयस्कर माणसे अडखळतात, पण पानशेत फुटले त्याच्या आधी की नंतर, किंवा कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कडेवर कोण होते, असे विचारले तर उत्तर चटकन येते, आणि मग १२ जुलै १९६१ किंवा ११ डिसेंबर १९६७ हा पक्का दिवस आपल्या हाती लागतो. हीच रीत पडताळणीलाही उपयोगी पडते. कोणी सत्तरच्या सुमारास गडकरी रंगायतनला त्यांच्याबरोबर नाटक पाहिल्याचे सांगितले, तर साल किंवा नाट्यगृह यांपैकी एकात गफलत आहे, कारण रंगायतन सुरू झाले १९७८ मध्ये.

त्यांचे माहेरचे नाव पूर्ण लिहावे. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिले गेले, त्या दिवसापासून जुने नाव घरात कोणी उच्चारले नसेल, तर नातवंडांना ते ठाऊकही नसेल. माहेरचे गाव, शाळा, कितवीपर्यंत शिकल्या आणि शिक्षण का थांबले, हे दोन पाने घेणारे असले तरी घ्यावे. पाककृती देणार असाल तर त्यांचीच मापे ठेवावीत. पायली म्हणजे चार शेर, हे खाली एका ओळीत सांगितले की पुरे.

आता कडक स्वभाव. तो वगळला, तर पुस्तिकेतल्या बाईंना त्यांची स्वतःची मुलेसुद्धा ओळखणार नाहीत. एवढे मोठे कुटुंब एका मिळकतीवर चालवताना कोणाला तरी नाही म्हणावे लागते, आणि ते काम त्यांच्या वाट्याला आले. ‘आई कडक होत्या’ असे न लिहिता, त्यांनी कोणाला कशासाठी नाही म्हटले आणि त्याचे पुढे काय झाले, असा एक प्रसंग द्यावा. त्यांच्या धाकाचा जाच आपल्याला स्वतःला झाला असेल, तर तोही एका साध्या वाक्यात लिहावा, कारण सुनेने तेवढे लिहिले म्हणजे पुढे ती जे आदराने लिहील त्यावर वाचकाचा विश्वास बसतो. जावेशी धरलेला अबोला मात्र वगळावा. त्याला दोन बाजू आहेत, त्यांतली एक बोलू शकत नाही आणि दुसरीने तो विषय आपल्याकडे काढलेला नाही. धाकट्या काकू हयात असतील, तर त्यांना पुस्तिकेसाठी एखादी आठवण जरूर मागावी. त्या जे देतील ते जसेच्या तसे छापावे.

प्रश्न : मी ७४ वर्षांची आहे. वाशीला सिडकोच्या घरांत आम्ही दोघी शेजारी राहायला आलो, तेव्हा खाडीपलीकडून लोकल येत नव्हती. बसने मानखुर्दला जाऊन पुढे गाडी पकडायची, आणि त्या बसच्या रांगेतच आमची मैत्री झाली. गेल्या महिन्यात ती गेली. शोकसभेत तिच्या मुलांनी मला बोलायला सांगितले आहे. माझ्या मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी तिने स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवून मला पैसे दिले होते आणि कोणाला सांगू नकोस म्हणाली होती. पैसे मी फेडले, पाटल्या सुटल्या, पण तिच्या घरी अजून कोणाला माहीत नाही. सांगावे का? (एक वाचक, वाशी, नवी मुंबई)

उत्तर : अवश्य सांगावे. आपली मान कोणापुढे खाली जाऊ नये, म्हणून त्यांनी ती अट घातली असणार. ज्या गुपितात लाज वाटलीच तर ती आपल्याला वाटायची, ते उघड करण्याचा हक्कही आपलाच आहे. मात्र त्यांच्या यजमानांना न विचारता पाटल्या गहाण पडल्या असतील आणि ते हयात असतील, तर ही गोष्ट सभेत सर्वांसमक्ष प्रथमच त्यांच्या कानावर पडणे बरे नव्हे. दोन दिवस आधी घरी जाऊन त्यांना आणि मुलांना सांगावे, आणि आपल्या मुलालाही बरोबर न्यावे. घरच्यांनी नको म्हटले, तर सभेत पाटल्यांचा विषय काढू नये, कारण ज्यांना कळायला हवे होते त्यांना तोवर कळलेले असेल.

भाषणाची सुरुवात बसच्या रांगेपासून करावी. लोकल १९९२ साली वाशीला पोहोचली, त्यामुळे त्यांच्या नातवंडांना त्या रांगेची कल्पनाही नसणार. मजकूर मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून न्यावा आणि आवाज भरून आला तर पुढचे वाचायला शेजारी कोणाला तरी उभे करावे.